झेड तक्त्यावरून काढलेली संभाव्यता दर वेळी चुकते? आधी चुकलेलं उत्तरच नीट बघा

सूत्रात आकडे बरोबर घातले, झेड (म्हणजे किंमत सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) बरोबर आला, तक्त्यातला आकडाही बोट ठेवून वाचला, आणि तरी उत्तरसूचीत भलतंच काही छापलंय. नॉर्मल वितरण शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. त्यावर सल्ला ठरलेला: "पुन्हा एकदा करून बघ." पुन्हा केलं की तेच चुकीचं उत्तर पुन्हा येतं, कारण चूक आकडेमोडीत नसतेच.

माझा अनुभव असा, की इथे चुकलेलं उत्तर फेकून द्यायचं नसतं. बरोबर उत्तराशेजारी ते लिहा आणि दोघांचं नातं काय ते बघा. दहातल्या आठ वेळा चूक तिथेच सापडते.

एक उदाहरण धरून चालू. एका यंत्रावर सळ्या कापल्या जातात. लांबीची सरासरी ५० मिमी, प्रमाण विचलन ४ मिमी, वितरण नॉर्मल. सळी ५५ मिमीपेक्षा लांब असण्याची संभाव्यता किती? झेड = (५५ − ५०) ÷ ४ = १.२५. बरोबर उत्तर ०.१०५६.

आता तुमचं उत्तर बघा.

०.८९४४ आलं असेल, तर दोन्हींची बेरीज १ होते. म्हणजे तुम्ही वक्राची दुसरी बाजू मोजली. प्रश्न उजवीकडच्या भागाचा होता, तक्त्याने डावीकडचा दिला आणि १ मधून वजा करायचं राहिलं.

०.३९४४ आलं असेल, तर बेरीज ०.५ होते. तुमच्या हातातला तक्ता मध्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो. तो आकडा ०.५ मधून वजा करायला हवा होता. हाच प्रश्न "५५ पेक्षा कमी" असा विचारला, तर तुमच्या ०.३९४४ आणि बरोबर ०.८९४४ मध्ये नेमका ०.५ चा फरक पडतो. नेमका अर्धा फरक दिसला की तक्त्याचा प्रकार चुकला, डोळे मिटून समजा.

०.२११२ आलं असेल, तर ते बरोबर उत्तराच्या दुप्पट आहे. दोन्ही टोकांची शेपटी, म्हणजे झेडच्या पलीकडे टोकापर्यंत उरणारं क्षेत्रफळ, धरली गेली. गृहीतकांची चाचणी नुकतीच शिकलेल्यांकडून हे हमखास होतं, सगळीकडे दोन शेपट्या दिसायला लागतात.

यातलं एकही नातं जुळत नसेल, तर तक्त्याला दोष देऊ नका. बहुधा झेडच चुकलाय. त्याकडे पुढे येतो.

हातातला तक्ता कोणत्या जातीचा?

झेडचा तक्ता म्हणून एकच एक वस्तू नाही, हे कुणी सुरुवातीला सांगतच नाही. मी शिकत होतो तेव्हा एका पुस्तकातली उदाहरणं आणि दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटचा तक्ता वापरून कितीतरी दिवस डोकं फोडलं होतं. दोन्ही पुस्तकं बरोबर होती, जोडी चुकीची होती.

बरेच जण तक्ता ओळखायला झेड ०.०० समोरचा आकडा बघतात. ती खूण अर्धवट आहे. तिथे ०.०००० असेल तर तक्ता मध्यापासूनचा, हे खरं. पण ०.५००० असेल तर तो डावीकडून साठत जाणारा असू शकतो, तसाच फक्त उजवी शेपटी देणाराही असू शकतो. मध्यावर दोघांचं उत्तर सारखंच. म्हणून सरळ १.०० समोर बघा. ०.८४१३ असेल तर डावीकडचं सगळं क्षेत्रफळ, ०.३४१३ असेल तर मध्य ते झेड, ०.१५८७ असेल तर उजवी शेपटी. क्वचित ०.६८२७ दिसतो, तो उणे एक ते अधिक एक या मधल्या पट्ट्याचा. पान मात्र धन झेडचंच आहे ना, हे बघून घ्या, कारण साठत जाणाऱ्या तक्त्यात उणे १.०० समोरही ०.१५८७ च असतो.

तक्त्याच्या डोक्यावर बहुधा छोटा वक्र आणि त्यात रेघांनी भरलेला भाग असतो. ते चित्र शोभेसाठी नाही. प्रश्न वाचला की तसाच वक्र कागदावर काढा, हवा तो भाग रंगवा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. जुळली तर आकडा तसाच घ्या, नाही जुळली तर वजाबाकी किंवा बेरीज कोणती करायची ते चित्रच सांगतं. "पेक्षा जास्त आलं की १ मधून वजा" असले नियम पाठ करणाऱ्यांचा तक्ता बदलला की घात होतो.

"पेक्षा कमी" आणि "पेक्षा कमी किंवा तितकेच" यांत इथे काहीच फरक नाही. सलग चलासाठी नेमकी ५५.००० मिमी लांबी मिळण्याची संभाव्यता शून्य धरतात. तिथे अडून बसू नका.

उणे झेड

४५ मिमीपेक्षा आखूड सळी: झेड = −१.२५. तक्त्यात उणे झेड नसतील तर वक्राची सममिती वापरायची. उणे १.२५ च्या डावीकडे जेवढं, तेवढंच अधिक १.२५ च्या उजवीकडे, म्हणून ०.१०५६. यात फारसं कुणी चुकत नाही. चुकतात ते उणे झेडचं वेगळं पान असतं तेव्हा.

उणे १.२५ साठी ओळ −१.२ ची आणि रकाना ०.०५ चा. पण मन म्हणतं, −१.२ मध्ये ०.०५ मिळवले तर −१.१५ होतात, मग −१.३ च्या ओळीत जायला हवं. तसं नाही. रकान्यातला आकडा हा झेडचा दुसरा दशांश अंक आहे, चिन्ह बाजूला ठेवून. ओळीकडे नीट बघितलं तर खात्री पटते: −१.२ च्या ओळीत सुरुवातीला ०.११५१ आहे आणि शेवटी, −१.२९ ला, ०.०९८५. उजवीकडे जाताना आकडे घटतात, म्हणजे आपण मध्यापासून दूर चाललोय. मधेच घाबरून शेजारच्या ओळीत उडी मारली, की उत्तर जरासंच चुकतं, आणि ही जराशी चूक पकडायला फार अवघड जाते. −१.३ च्या ओळीत ०.०५ च्या रकान्यात ०.०८८५ आहे, तो −१.३५ चा. ०.१०५६ ऐवजी तो लिहिला तर उत्तर "बरं दिसतं", म्हणून कुणी परत तपासत नाही.

आणि संभाव्यता ऋण आली असेल तर तुम्ही झेडचं उणे चिन्ह उचलून उत्तराला लावलंय. झेड ऋण असतो, क्षेत्रफळ कधीच नसतं.

दोन किमतींच्या मधलं क्षेत्रफळ

सळी ४२ ते ५५ मिमीच्या दरम्यान असण्याची संभाव्यता काढायची आहे. झेड −२ आणि १.२५. साठत जाणाऱ्या तक्त्यावरून ०.८९४४ − ०.०२२८ = ०.८७१६. मध्यापासूनच्या तक्त्यावरून ०.४७७२ + ०.३९४४ = ०.८७१६. एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे बेरीज, उत्तर तेच. गोंधळ इथेच होतो: मित्राच्या वहीत बेरीज दिसते, आपल्या तक्त्यात वजाबाकी लागते. मध्यापासूनचा तक्ता असेल तर दोन झेड मध्याच्या दोन बाजूंना असताना बेरीज आणि एकाच बाजूला असताना वजाबाकी. साठत जाणाऱ्या तक्त्यात कायम वजाबाकी, मोठ्यातून लहान.

आणखी एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिला नाव द्यावंसं वाटतं: आधी झेडचीच वजाबाकी करायची, १.२५ − (−२) = ३.२५, आणि ३.२५ चा आकडा तक्त्यात बघायचा. तो ०.९९९४ येतो. वक्राची उंची सगळीकडे सारखी असती तर हे चाललं असतं. झेडचं एक पाऊल मध्याजवळ ०.३४१३ एवढं क्षेत्रफळ देतं आणि २ ते ३ च्या दरम्यान जेमतेम ०.०२१४. पावलं वजा करून क्षेत्रफळ मिळत नाही, क्षेत्रफळंच वजा करावी लागतात.

झेडच चुकला असेल तर

पहिला संशयित विचरण. पुस्तकात नॉर्मल वितरणासाठी "एन (५०, १६)" असं लिहिलेलं असतं तेव्हा पहिला आकडा सरासरी आणि दुसरा आकडा बहुधा विचरण असतो, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. भागायचं ४ ने. १६ ने भागलं तर ५६ मिमीसाठी झेड १.५ ऐवजी ०.३७५ येतो आणि उजवी शेपटी ०.०६६८ ऐवजी ०.३५ च्या आसपास जाते. पाचपट फरक! उलट स्प्रेडशीटमध्ये आणि बहुतेक संगणकभाषांमध्ये प्रमाण विचलनच द्यायचं असतं. कागदावर एक रीत, पडद्यावर दुसरी, त्यामुळे आकडा देण्याआधी त्याचं एकक विचारा. मिमी असेल तर प्रमाण विचलन, चौरस मिमी असेल तर विचरण.

दुसरा संशयित जास्त लबाड आहे. प्रश्न येतो: "१६ सळ्यांच्या नमुन्याची सरासरी ५१ मिमीपेक्षा जास्त असण्याची संभाव्यता?" इथे एका सळीबद्दल विचारलेलं नाही. सरासरी एकेका सळीइतकी हेलकावत नाही, तिचं प्रमाण विचलन ४ ÷ √१६ = १ मिमी. झेड = १, उत्तर ०.१५८७. वर्गमूळ विसरलं तर झेड ०.२५ आणि उत्तर ०.४०१३. प्रश्नात "नमुना", "सरासरी", "एकूण" यांपैकी शब्द दिसला की थांबा आणि स्वतःला विचारा, मी कशाचं वितरण बघतोय? एकूण बेरीज विचारली असेल तर भागायचं नाही, √१६ ने गुणायचं.

दोन सळ्यांतला फरक विचारला तर विचरणांची बेरीज होते, फरकाचा प्रश्न असला तरी. १६ + १६ = ३२, प्रमाण विचलन सुमारे ५.६६. पहिली सळी दुसरीपेक्षा ५ मिमीहून अधिक लांब असण्यासाठी झेड ०.८८, संभाव्यता ०.१८९४. इथे विचरणं वजा करून शून्याने भागायची वेळ आलेलेही मी पाहिलेत. निदान तिथे चूक स्वतःहून ओरडते.

उलटा प्रश्न

"सर्वांत लांब १० टक्के सळ्या कोणत्या लांबीच्या पुढे?" इथे संभाव्यता दिली आहे आणि लांबी हवी आहे. सवयीने लोक ०.९ ची ओळ, ०.०० चा रकाना बघतात आणि ०.८१५९ लिहून मोकळे होतात. पण ०.९० हा झेड नाही, क्षेत्रफळ आहे, ते तक्त्याच्या पोटात शोधायचं. ०.९००० च्या सर्वांत जवळचा आकडा ०.८९९७, तो १.२८ समोर. लांबी = ५० + १.२८ × ४ = ५५.१२ मिमी. सर्वांत आखूड १० टक्क्यांसाठी झेड −१.२८, लांबी ४४.८८ मिमी. हे उणे चिन्ह विसरलं की "सर्वांत आखूड" सळ्या सरासरीपेक्षा लांब निघतात. उत्तर लिहिण्याआधी एवढं वाचून बघायला काय हरकत आहे?

तक्ता मध्यापासूनचा असेल तर ०.९ नाही, ०.४००० शोधा. ०.९५ शोधताना १.६४ ला ०.९४९५ आणि १.६५ ला ०.९५०५ सापडतात, बरोबर मध्ये. म्हणून सगळीकडे १.६४५ छापलेला दिसतो.

संगणकाचं उत्तर तक्त्याशी जुळत नाही

आधी सोपं. एक्सेलमधल्या नॉर्म.एस.डिस्ट या फंक्शनला शेवटी खरं की खोटं ते सांगावं लागतं. खरं दिलं तर डावीकडचं क्षेत्रफळ, खोटं दिलं तर वक्राची त्या बिंदूवरची उंची. झेड १ ला उंची ०.२४२० आहे आणि झेड ० ला ०.३९८९. हे आकडे दिसले तर तुम्ही उंची मागितली आहे. उंची म्हणजे संभाव्यता नव्हे. प्रमाण विचलन ०.१ असेल तर मध्यावरची उंची जवळजवळ ४ होते. १ पेक्षा मोठी "संभाव्यता" आली म्हणून फंक्शन बिघडलं असं समजू नका.

आता खरा फसवा प्रकार. अनेक संगणकभाषांत अर्फ (erf, म्हणजे एरर फंक्शन) नावाचं फंक्शन तयार असतं आणि कुणीतरी सांगतं, की तेच नॉर्मलचं फंक्शन. झेड १ घालून बघितलं तर ०.८४२७ येतं. तक्त्यात ०.८४१३. "दशांशाचा फरक असेल" म्हणून माणूस पुढे जातो. पण हा निव्वळ योगायोग आहे. ०.५ घाला: अर्फ ०.५२०५ देतं, तक्ता ०.६९१५. ० घाला: अर्फ ०, तक्ता ०.५. तपासायला नेमका १ हाच आकडा निवडला जातो आणि तिथेच दोघं जवळ येतात, याला दुर्दैव म्हणायचं नाहीतर काय!

अर्फची मोजपट्टी वेगळी आहे. १७९९ मध्ये ख्रिश्चन क्राम्प याने वातावरणातल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावर काम करताना या घराण्यातला तक्ता छापला, त्यात प्रमाण विचलन हे एकक नव्हतंच. आज आपण वापरतो तशा, प्रमाण विचलनाच्या एककातल्या तक्त्यांपैकी शेपर्ड यांचे १९०३ चे तक्ते पुढे खूप वापरले गेले. जुनी पट्टी मात्र अर्फच्या रूपाने टिकून आहे. रूपांतर असं: झेडला २ च्या वर्गमुळाने भागा, त्याचं अर्फ काढा, १ मिळवा, निम्मं करा. झेड १ साठी ०.८४१३ मिळालं आणि झेड ० साठी ०.५ मिळालं, की समजा जमलं.

खूप मोठ्या झेडसाठी १ मधून वजा करू नका. झेड ९ असेल तर संगणक डावीकडचं क्षेत्रफळ १ असंच साठवतो आणि वजाबाकी शून्य येते. उजवी शेपटी थेट मागण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, नाहीतर उणे ९ घाला. छापील तक्ते ३.०९, ३.४९ किंवा ३.९९ ला संपतात. त्यापुढचा झेड आला तर उजवी शेपटी "०.००१ पेक्षा कमी" किंवा जेवढं सांगता येईल तेवढं लिहा, सरळ शून्य लिहू नका.

फरक चौथ्या दशांशात असेल तर ती चूक नाही. सरासरी ५०, प्रमाण विचलन ३, किंमत ५४ घेतली तर झेड १.३३३३… होतो. तक्त्यात १.३३ चा ०.९०८२, संगणकाचं उत्तर ०.९०८८. पटत नसेल तर १.३४ चा ०.९०९९ घेऊन दोघांमधलं एक-तृतीयांश अंतर चाला, ०.९०८८ वर पोहोचाल.

मोजता येणाऱ्या गोष्टी

१०० वेळा नाणं उडवून निदान ६० छाप. सरासरी ५०, प्रमाण विचलन ५, झेड २, उत्तर ०.०२२८. द्विपदी वितरणावरून येणारं अचूक उत्तर ०.०२८४. इथे तक्ता चुकलेला नाही, छापांची संख्या पूर्णांक आहे आणि आपण ती सलग वक्राखाली बसवतोय. ६० चा स्तंभ ५९.५ पासून सुरू होतो, म्हणून ५९.५ घ्या: झेड १.९, उत्तर ०.०२८७. "६० पेक्षा जास्त" विचारलं असतं तर ६०.५ घ्यावं लागलं असतं, झेड २.१, उत्तर ०.०१७९. वर मी म्हटलं होतं की "जास्त" आणि "जास्त किंवा तितकेच" यांत फरक नाही, ते सळीच्या लांबीसाठी. मोजून येणाऱ्या आकड्यांना तो फरक चांगलाच भोवतो.

सगळं बरोबर, तरी उत्तर खोटं

आता शेवटची आणि सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट. झेड कुठल्याही आकड्यांचा काढता येतो. सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने भागा, झालं. पण झेड काढला म्हणून वितरण नॉर्मल होत नाही, वाकडं होतं ते वाकडंच राहतं. तक्ता मात्र फक्त नॉर्मलचा आहे.

रांगेत थांबण्याच्या वेळेचं उदाहरण घ्या, जिथे वेळ घातांकी वितरणाने चालते. त्यात सरासरी आणि प्रमाण विचलन सारखंच असतं, समजा १० मिनिटं. २० मिनिटांहून जास्त थांबावं लागण्याची खरी संभाव्यता ०.१३५३. झेड १, तक्ता म्हणतो ०.१५८७. फार लांब नाही, चालून जाईल असं वाटतं. आता ४० मिनिटं घ्या. झेड ३, तक्ता म्हणतो ०.००१३. खरी संभाव्यता ०.०१८३, म्हणजे साडेतेरापट. शेपटीत जितकं पुढे जाल तितकी तफावत वाढत जाते, आणि आपल्याला बहुतेक वेळा शेपटीचंच उत्तर हवं असतं.

हे ओळखायला मी एक भाबडा प्रश्न विचारतो: याच तक्त्याने ० मिनिटांपेक्षा कमी थांबण्याची संभाव्यता किती येते? झेड −१, उत्तर ०.१५८७. म्हणजे तक्त्याच्या मते दर सहा जणांतला जवळपास एक जण रांगेत उभा राहण्याआधीच बाहेर पडतो. सळ्यांना हाच प्रश्न विचारला तर झेड −१२.५ येतो, आणि तिथे कुठल्याही तक्त्यात बघण्याची गरजही पडत नाही.